संगणकाचा कारभारी आणि विश्वासाचा प्रश्न

नवा संगणक विकत घेणारा मनुष्य किंमत विचारतो, हमी किती वर्षांची ते विचारतो, आणि अलीकडे आणखी एक प्रश्न विचारतो : ह्यावर कोणती कार्यप्रणाली आहे, आणि ती सुरक्षित आहे काय? लखनौच्या नाझा मार्केटमध्ये हा प्रश्न ऐकू येतो, तसाच तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही ऐकू येतो. उत्तरे मात्र जितकी तोंडे तितकी. कोणी म्हणतो, विंडोज म्हणजे रोगांचे माहेरघर. लिनक्स घ्या आणि निश्चिंत व्हा. दुसरा म्हणतो, फुकट मिळणाऱ्या वस्तूचा भरवसा तो काय धरायचा? तिसऱ्याची ॲपलच्या यंत्रांवर श्रद्धा असते. ह्या वादात कधी कधी संप्रदायाभिमानाचा जोर येतो. आणि अभिमानाचा जोर आला की विचार मागे पडतो. म्हणून हा प्रश्न जरा शांतपणे उलगडून पाहणे इष्ट आहे. त्याचे स्वरूप वरून तांत्रिक असले, तरी त्याच्या तळाशी जो प्रश्न आहे तो फार जुना आहे : ज्याचे काम आपल्याला स्वतः तपासता येत नाही, त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा?

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय ते पाहू. जुन्या वाड्यात धनी आणि नोकरचाकर ह्यांच्यामध्ये एक कारभारी असे. कोठाराच्या किल्ल्या त्याच्यापाशी. कोणाला कोणत्या दालनात जाऊ द्यावयाचे, कोणाला किती धान्य मोजून द्यावयाचे, हे तो ठरवी. संगणकात हेच काम कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, करते. आपण पत्र लिहितो, चित्र पाहतो, बँकेचा व्यवहार करतो. ह्या प्रत्येक कामाची आज्ञावली निराळी असते. परंतु स्मृतीतील जागा, तबकडीवरील कागदपत्रे, कळफलक, पडदा आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी तार ही सर्व साधने कार्यप्रणालीच्या ताब्यात असतात. एखादा नोकर अप्रामाणिक निघाला तर एका दालनाचे नुकसान होते. कारभारीच फितूर झाला, किंवा त्याच्या किल्ल्यांचा जुडगा चोराच्या हाती लागला, तर सारा वाडा गेला. म्हणूनच कार्यप्रणालीच्या विश्वासार्हतेला इतके महत्त्व आहे.

आता वादाचे मूळ. आज्ञावली मनुष्य एका स्वरूपात लिहितो आणि यंत्र ती दुसऱ्याच स्वरूपात वाचते. मनुष्याला वाचता येईल असा जो मूळ मजकूर, तो काही संस्था गुप्त ठेवतात आणि यंत्राला समजेल असे रूपच ग्राहकाच्या हाती देतात. मायक्रोसॉफ्टची विंडोज ह्या प्रकारची आहे. ॲपलच्या प्रणालीचे काही भाग खुले असले, तरी एकंदरीत तीही ह्याच प्रकारात मोडते. याउलट, १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ज्या लिनक्सचा आरंभ केला, तिचा मूळ मजकूर जगात कोणालाही वाचावयास, तपासावयास व सुधारावयास मोकळा आहे. पहिला पक्ष म्हणतो, घराचा नकाशा चोराच्या हाती कशाला द्यावयाचा? दुसरा म्हणतो, जे उघडे आहे त्यातच दोष दिसतात, आणि जे दिसतात तेच दुरुस्त होतात.

नकाशा लपविण्याच्या युक्तिवादाची किंमत किती, हे समजण्यास लखनौइतके सोयीचे शहर नाही. १७८४ च्या दुष्काळात नवाब असफउद्दौला ह्याने लोकांना काम मिळावे म्हणून बडा इमामबाडा बांधावयास घेतला. त्याच्या प्रचंड दिवाणखान्याला तुळयांचा आधार नाही. छताचा भार हलका व्हावा म्हणून वरच्या अंगास पोकळ्या ठेवल्या, आणि त्यांतून एकमेकांत गुंतलेल्या अरुंद वाटांचे जे जाळे निर्माण झाले ते प्रसिद्ध भूलभुलैया. नवखा मनुष्य तेथे पाच मिनिटांत दिशा हरवून बसतो. परंतु तेथले वाटाडे रोज प्रवाशांचे ताफे घेऊन त्याच वाटांनी जातात आणि गप्पा मारीत परत येतात. चक्रव्यूहाचे संरक्षण हे अज्ञानाचे संरक्षण आहे. ज्याला वाट पाठ झाली त्याला ते मुळीच अडवीत नाही. साध्या कुलपाची गोष्ट निराळी. कुलपाची रचना सर्व लोहारांना ठाऊक असली तरी चालते. किल्ली तेवढी आपल्या कनवटीला असली म्हणजे झाले. ऑगस्ट केरकॉफ्स ह्या पंडिताने १८८३ साली लष्करी गुप्तलिपीविषयी लिहिताना हेच तत्त्व मांडले होते : पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त ठेवावयाची ती केवळ किल्ली. आजचे सारे सांकेतिक लेखन ह्या तत्त्वावर उभे आहे. म्हणून केवळ मजकूर गुप्त आहे एवढ्यावरून एखादी प्रणाली सुरक्षित ठरत नाही.

खुलेपणाच्या बाजूचा दाखलाही ह्याच शहरात, आणि तोही एका मराठी माणसाच्या कर्तृत्वात सापडतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या काळी अनेक घराण्यांच्या चिजा जिवापाड जपल्या जात. उस्तादाने ज्याला शिकवावे त्यालाच त्या कळाव्यात, अशी रीत होती. त्यामुळे विद्या शुद्ध राहते असे पुष्कळांना वाटे; परंतु पाठांतरात शिरलेली चूक पिढ्यान् पिढ्या कोणाच्या ध्यानी येत नसे, कारण ताडून पाहण्यास दुसरी प्रतच नसे. भातखंड्यांनी देशभर हिंडून त्या चिजा जमविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि छापून प्रसिद्ध केल्या. १९२६ साली लखनौत जे मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले आणि पुढे ज्याला त्यांचेच नाव मिळाले, तेथे ही विद्या वर्गात सर्वांसमक्ष शिकविली जाऊ लागली. त्यांच्या स्वरलेखनावर आणि रागनियमांवर टीका झाली, अजूनही होते. पण ही टीका शक्य झाली तीच मुळी मजकूर समोर होता म्हणून. खुल्या मजकुराचा खरा लाभ हा आहे. त्यात चुका नसतात असे नव्हे. चूक दाखविण्याचा अधिकार सर्वांना मिळतो.

परंतु अधिकार मिळणे निराळे आणि तो कोणी बजावणे निराळे. ग्रंथालयात पुस्तक आहे म्हणून ते कोणी वाचले आहे असे होत नाही. इंटरनेटवरील व्यवहार सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल नावाच्या खुल्या आज्ञावलीत २०१२ साली एक दोष प्रसिद्ध आवृत्तीत शिरला, आणि एप्रिल २०१४ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे, त्याचा बोभाटा झाला नाही. ‘हार्टब्लीड’ ह्या नावाने तो ओळखला जातो. जगातील असंख्य संकेतस्थळे ज्या आज्ञावलीवर विसंबून होती, तिची निगा मूठभर माणसे तुटपुंज्या पैशावर राखीत होती, हे त्या वेळी उघड झाले.

त्याहून बोलके उदाहरण २०२४ चे. एक्सझेड नावाचे एक लहानसे साधन आहे. मजकूर दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम. एकटा स्वयंसेवक ते वर्षानुवर्षे सांभाळीत होता. जिया टॅन हे नाव धारण करणाऱ्या कोणी एकाने सुमारे दोन वर्षे त्याला मन लावून मदत केली, विश्वास संपादन केला, देखभालीचे अधिकार मिळविले, आणि मग त्या साधनात एक चोरदरवाजा बसविला. विशेष हे की, त्या दरवाज्याची कळ सर्वांना दिसणाऱ्या मूळ भांडारात नव्हती; वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात ती हळूच घातली होती. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजी हा कट जगापुढे ठेवला. लिनक्सच्या मुख्य आवृत्त्यांत ते साधन सर्वत्र पसरण्यापूर्वीच अनर्थ टळला. हा अभियंता नोकरीस होता तो मायक्रोसॉफ्टमध्ये! पक्षाभिमान्यांनी ह्या घटनेचा दोन्ही अंगांनी विचार करावा. मजकूर खुला होता म्हणूनच एका चिकित्सक माणसाला तळापर्यंत जाता आले. आणि मजकूर खुला असूनही तो चोर इतक्या आतपर्यंत येऊ शकला.

आता विंडोजकडे वळू. तिच्याविषयीचा अविश्वास निराधार नव्हता. घरगुती संगणकावरील जुन्या विंडोजमध्ये वापरणाऱ्याला बहुधा सर्वाधिकार दिलेले असत. त्यामुळे त्याच्या हातून उघडलेल्या दुष्ट आज्ञावलीलाही तेच अधिकार आपोआप मिळत. लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर बांधली आहे, ती १९६९ पासून अनेकांनी एकच यंत्र वापरावे ह्या कल्पनेने वाढलेली. तेथे धनी आणि पाहुणा ह्यांतला भेद जन्मजात होता. २००१ साली कोड रेड आणि निमडा ह्या उपद्रवांनी हाहाकार उडविल्यावर, जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स ह्यांनी आपल्या सर्व नोकरवर्गाला पत्र लिहून सुरक्षिततेला पहिले स्थान देण्यास बजावले. नंतरची विंडोज पुष्कळच सुधारली, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दोषांची दुरुस्ती पाठविण्याची शिस्तही २००३ पासून लागली.

तथापि दुरुस्ती पाठविणे आणि ती पोहोचणे ह्यांत अंतर असते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने एका दोषावर ठिगळ प्रसिद्ध केले. तो दोष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीच ठाऊक होता, आणि तिने तो हेरगिरीसाठी स्वतःजवळ ठेवला होता. पुढे ते हत्यार चोरीस गेले व उघड झाले. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने त्याच दोषातून दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बंद पाडले. ब्रिटनमधील रुग्णालयांना रोगी परत पाठवावे लागले. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. औषध दोन महिने आधी तयार होते. ज्यांनी ते घेतले नव्हते तेच प्रामुख्याने बळी पडले.

तर मग प्रत्येक दुरुस्ती डोळे मिटून स्वीकारावी काय? तेथेही एक मेख आहे. २७ जून २०१७ रोजी मुंबईजवळच्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या धक्क्यावरील काम एकाएकी ठप्प झाले. कारण हजारो मैल दूर युक्रेनमध्ये होते. तेथे करांचा हिशेब ठेवणारी एक आज्ञावली सर्रास वापरात होती. तिच्या नित्याच्या सुधारणेतूनच हल्लेखोरांनी ‘नॉटपेट्या’ हे विष पसरविले, आणि ते त्या समूहाच्या जाळ्यातून जगभर गेले. त्या कंपनीला सुमारे पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि तिचे नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर्सच्या घरात गेले. तिच्या जाळ्यातील सर्व खाती व अधिकार ज्यांत नोंदलेले होते, त्या मुख्य संगणकांपैकी घानामधील एकच प्रत वाचली. कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती! पुढे १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या संस्थेच्या सदोष सुधारणेने सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. ती तर संरक्षणासाठीच बसविलेली आज्ञावली होती, आणि कोणी हल्लाही केला नव्हता. त्या दिवशी आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र दिले गेले. ज्या वाटेने वैद्य येतो त्याच वाटेने विषही येऊ शकते. परंतु म्हणून वैद्याला दार बंद करणे शहाणपणाचे नव्हे. कोणत्या वैद्याला किती अधिकार द्यावेत, आणि तो चुकला तर आपल्यापाशी दुसरी सोय काय, हा विचार आधी केला पाहिजे.

ॲपलच्या यंत्रांची कीर्ती मोठी आहे, आणि ती बरीचशी सार्थही आहे. यंत्र आणि प्रणाली एकाच हातची असल्याने तेथे शिस्त राखणे सोपे जाते. पण सप्टेंबर २०२१ मध्ये असे आढळले की, पेगॅसस ही हेर-आज्ञावली केवळ एक संदेश धाडून, मालकाने कशालाही स्पर्श न करता, आयफोनमध्ये शिरू शकत होती. कंपनीने ती वाट बुजविली; तरी बंद किल्ल्यासही चोरवाट असू शकते हे सिद्ध झाले. आणि आपल्या देशात बहुसंख्य लोकांच्या खिशात असलेला अँड्रॉइड दूरध्वनी हा अंतर्यामी लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. गाभा खुला असूनही, यंत्र बनविणाऱ्याने दोनतीन वर्षांनी दुरुस्त्या पाठविणे बंद केले, की त्याच्या खुलेपणाचा मालकाला फारसा उपयोग राहत नाही.

ह्या साऱ्या वादाची सीमारेषा केन टॉम्प्सन ह्यांनी १९८४ सालीच आखून ठेवली आहे. युनिक्सचे हे एक जनक. संगणकशास्त्रातील सर्वोच्च पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात त्यांनी दाखवून दिले की, मूळ मजकुराचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीतच कपट दडविले, तर मजकूर कितीही बारकाईने वाचला तरी ते दिसणार नाही. म्हणजे मजकूर वाचणाऱ्यालाही शेवटी भाषांतरकारावर, आणि भाषांतरकारावर विश्वास ठेवणाऱ्याला यंत्र घडविणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो. ह्यावर उतारा म्हणून अलीकडे एक पद्धत रूढ होत आहे. निरनिराळ्या लोकांनी एकाच मजकुरापासून स्वतंत्रपणे आज्ञावली तयार करावयाची, आणि तयार झालेल्या प्रती अक्षरशः जुळतात की नाही ते पाहावयाचे. जुळल्या नाहीत तर कोठेतरी पाणी मुरते आहे असे समजावे. हाही पूर्ण उपाय नव्हे. पण एका साक्षीपेक्षा चार स्वतंत्र साक्षी बऱ्या, हा न्यायालयाचा जुना नियम येथेही लागू पडतो.

आणखी एक अंग उरते, ते स्वामित्वाचे. ११ मार्च २०१३ रोजी लखनौत उत्तर प्रदेश सरकारने बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना संगणक वाटण्यास आरंभ केला. पुढे अशी लाखो यंत्रे राज्यभर गेली. अनेक घरांत आलेला तो पहिलाच संगणक होता, आणि त्या मुलामुलींना त्याचे केवढे अप्रूप वाटले असेल हे सांगावयास नको. पण यंत्र सुरू करताच पडद्यावर तत्कालीन मुख्यमंत्री व त्यांचे पिते ह्यांची छायाचित्रे उमटत, आणि ती काढू गेल्यास यंत्र बंद पडण्याचा धोका असल्याच्या बातम्या त्या वेळी वृत्तपत्रांत आल्या. ह्यातील राजकारण बाजूला ठेवू. सत्तेवर कोणीही असले तरी मोह तोच असतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने प्रश्न एवढाच की, विद्यार्थ्याच्या हाती दिलेल्या यंत्रात त्याला न पुसता एखादी गोष्ट बसविता येते आणि त्याला ती काढता येत नाही, तर त्या यंत्राचा धनी कोण? आज चित्र असेल. उद्या त्याच जागी नोंद ठेवणारा डोळा असू शकेल. किल्ल्या ज्याच्यापाशी, वाडा त्याचा.

हीच चिंता राष्ट्रांनाही असते. परक्या देशातील संस्थेच्या गुप्त मजकुरावर आपला राज्यकारभार आणि सैन्य अवलंबून असावे काय, ह्या विचारातून सी-डॅक ह्या आपल्या सरकारी संस्थेने लिनक्सच्या पायावर ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली तयार करून २००७ साली प्रसिद्ध केली. आणि संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर ‘माया’ ही तशीच प्रणाली आणीत असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. हेतू स्तुत्य आहे. मात्र स्वदेशी नाव दिल्याने दोष नाहीसे होत नाहीत. रोजच्या रोज मजकूर तपासणारी, ठिगळे लावणारी आणि वर्षानुवर्षे त्याच कामावर टिकणारी माणसे पोसली तरच असा प्रयत्न फळाला येतो.

तेव्हा सामान्य गृहस्थाने काय करावे? ‘कोणती प्रणाली सुरक्षित?’ हा प्रश्न मोडून त्याचे चार प्रश्न करावेत. ह्या प्रणालीचे काम तिच्या मालकाखेरीज दुसरा कोणी तपासू शकतो काय? दोष आढळल्यास तिची दुरुस्ती किती तत्परतेने आणि कोणत्या सालापर्यंत मिळेल? यंत्रातील गोष्टी बसविण्याचा व काढण्याचा अधिकार माझ्यापाशी आहे काय? आणि ती उद्या कोसळलीच, तर माझ्या कागदपत्रांची निराळी प्रत कोठे आहे? ह्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाकडे तर फारच दुर्लक्ष होते. विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज १० ची नित्याची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी; तरी मुदत संपलेली यंत्रे पुष्कळ कचेऱ्यांत आणि घरांत चालूच राहतात. अशा जुन्या यंत्रावर एखादी चालू लिनक्स बसविणे हा पुष्कळदा सोपा आणि बिनखर्ची मार्ग असतो. पण तीसुद्धा नियमाने अद्ययावत करावी लागते, हे विसरू नये.

विश्वास ही एकदा देऊन विसरून जावयाची वस्तू नव्हे; हिशेबाच्या वहीप्रमाणे ती वेळोवेळी ताडून पाहावी लागते. विंडोजवाला असो, लिनक्सवाला असो की ॲपलचा भक्त असो, ज्याने आपल्या कारभाऱ्याला हिशेब विचारण्याची सवय सोडली त्याचा वाडा असुरक्षित. आणि त्या अर्ध्या सेकंदासारखी क्षुल्लक गोष्टही ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याच्या सावधपणाचा लाभ जगातील लाखो अनोळखी माणसांनाही मिळतो.